किलिमांजारोला जाताना आधी दिवस मोजा

किलिमांजारोचं शिखर गाठायला दोर लागत नाही, बर्फातली कुऱ्हाड लागत नाही, प्रस्तरारोहणाचं तंत्र लागत नाही. ५,८९५ मीटर उंचीचा हा टांझानियातला डोंगर आफ्रिकेत सर्वांत उंच आहे, तरी नेहमीच्या वाटांनी तो चालत चढता येतो. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत जाणाऱ्या माणसाला त्यामुळे तो आवाक्यातला वाटतो, आणि तो आहेही. तरीही दरवर्षी कितीतरी धडधाकट माणसं शिखराच्या अलीकडून परत फिरतात. त्यांच्या पायांत बळ असतं, पण डोकं ठणकत असतं, पोटात पाणी ठरत नसतं. उंचीनं त्यांना परत पाठवलेलं असतं. उंचीशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ द्यावा लागतो आणि त्याला पर्याय नाही. म्हणून बूट कुठले, कंपनी कुठली, खर्च किती या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न सोडवा: डोंगरावर किती दिवस राहणार?

यामागचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतात. शिखरावरच्या हवेतही ऑक्सिजनचा वाटा खालच्याइतकाच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. एका श्वासात मिळणारा प्राणवायू तेवढाच घटतो. शरीर श्वास वाढवतं, रक्तातला समतोल बदलतं, पण हे काम दिवसांच्या हिशेबानं होतं. गिर्यारोहणाशी संबंधित डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा.

आता हा सल्ला माचामे या लोकप्रिय वाटेला लावून बघा. चढाई सुरू होते ते माचामे गेट सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही (१,६४६ मीटर) वर. पहिला मुक्काम २,८५० च्या आसपास, दुसरा शिरा पठारावर ३,८५० च्या आसपास. तिसऱ्या दिवशी ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून परत ३,९५० वर बरांकोला उतरायचं. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपण्याचा हा दिवस साऱ्या मोहिमेत सर्वांत मोलाचा. त्यानंतर करांगा, सुमारे ४,०००. मग बराफू, ४,६५० च्या थोडं वर, आणि त्याच रात्री शिखराकडे कूच. हा झाला सात दिवसांचा कार्यक्रम. त्यातही एका दिवसात हजार मीटरची उडी आहेच. सहा दिवसांच्या कार्यक्रमात करांगाचा मुक्काम गाळतात आणि बरांकोहून थेट बराफूला नेऊन रात्री उठवतात. वाचतो एक दिवस आणि शंभर-दोनशे डॉलर. माझ्या मते या प्रवासातली सर्वांत महागडी काटकसर हीच.

मारांगूची वाट यापेक्षा फसवी आहे. झोपायला लाकडी झोपड्या असलेली ही एकच वाट, चढही सौम्य, त्यामुळे ‘सोपी’ म्हणून तिची शिफारस होते. पण तिचे मुक्काम बघा: मांदारा २,७२०, होरोंबो ३,७२०, किबो ४,७२०. रोज बरोबर हजार मीटर. पाच दिवसांत ही वाट करणं म्हणजे शरीराशी जुगार खेळणं. तीच निवडायची असेल तर होरोंबोला एक जादा मुक्काम मागून घ्या आणि तो मिळत नसेल तर नाव नोंदवू नका. उंब्वे तर सरळसोट चढाची वाट आहे, पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. उत्तरेकडून, केनियाच्या सीमेजवळून येणारी रोंगाई कोरडी आणि कमी गर्दीची. मला विचाराल तर पश्चिमेकडून येणारी लेमोशो आठ दिवसांत करावी. शिरा पठार ओलांडताना किबो या मुख्य शिखराचा घुमट दिवसचे दिवस समोर असतो, आणि माचामेच्या वाटेला मिळेपर्यंत शरीर बरंचसं तयार झालेलं असतं.

जर्मन भूगोलज्ञ हान्स मायर याला हा धडा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळाला होता. १८८७ साली तो किबोच्या पायथ्यापर्यंत गेला आणि बर्फापुढे थांबला. पुढच्या वर्षीचा प्रयत्न किनाऱ्याजवळच्या बंडात अडकून फसला. १८८९ मध्ये त्यानं ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर याला सोबत घेतलं आणि मुख्य म्हणजे वाटेत जागोजागी अन्नसाठा असलेले तळ उभारले. एक प्रयत्न फसला तर पायथ्याशी न उतरता पुन्हा वर जाता यावं ही त्यामागची योजना. त्या ऑक्टोबरमध्ये ते दोघे शिखरावर पोहोचले. तेव्हाच्या आणि आताच्या साधनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण वरच्या उंचीवर जास्त काळ राहता यावं अशी सोय करणं हा त्यांच्या योजनेचा गाभा आजही तसाच लागू पडतो.

दिवस ठरले की महिना. इथे महाराष्ट्रातल्या माणसाची पंचाईत होते, कारण आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या चुकीच्या वेळी येतात. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तिथे मोठा पाऊस असतो, म्हणजे मुलांची उन्हाळी सुट्टी बाद. नोव्हेंबरात छोटा पाऊस येतो, त्यामुळे उशिरा आलेल्या दिवाळीची सुट्टीही भरवशाची नाही. चांगले काळ दोन: जानेवारी ते मार्चची सुरुवात, आणि जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. दुसरा काळ आपल्याला सोयीचा आहे. सह्याद्रीत पाऊस कोसळत असताना तिकडे आकाश मोकळं असतं, आणि मे-जूनमध्ये सराव करून ऑगस्टमध्ये निघता येतं. पौर्णिमेच्या आसपास शिखराची रात्र येईल असं बघितलंत तर उत्तम. बॅटरीच्या झोताबाहेरचा डोंगरही दिसतो. मात्र त्या तारखांना गर्दी आणि दर दोन्ही वाढतात.

आता पैसे. किलिमांजारोवर परवानाधारक गाईडशिवाय चढता येत नाही, त्यामुळे कंपनी निवडणं अटळ आहे. बाजारात एकाच वाटेचे दर दुप्पट-तिप्पट फरकानं दिसतील. स्वस्त दर कुठून येतो हे समजण्यासाठी राष्ट्रीय उद्यानाच्या शुल्काचा हिशेब मांडा. गेल्या काही वर्षांचं दरपत्रक धरलं तर परदेशी प्रौढाला दिवसाला ७० डॉलर प्रवेश, रात्रीला ५० डॉलर तंबूचे आणि एकदाच २० डॉलर बचावसेवेचे पडतात. सात दिवस आणि सहा रात्रींचे ८१० झाले. त्यावर १८ टक्के कर धरला की साडेनऊशेच्या पुढे. हे पैसे सरकारजमा होतात, कंपनीला त्यात एक डॉलर कमी करता येत नाही. कुणी सगळा ट्रेक बाराशे डॉलरांत देत असेल, तर उरलेल्या अडीचशेत गाईड, स्वयंपाकी, पोर्टर, अन्न, तंबू, गाडी आणि हॉटेल बसवायचं आहे. ते बसतं ते पोर्टरच्या ताटातून आणि पगारातून काढून. निघण्याआधी ताजं दरपत्रक मागवून हा हिशेब स्वतः करा.

एका चढणाऱ्यामागे साधारण तीन-चार पोर्टर असतात. तंबू, भांडी, गॅस, आठवड्याचा शिधा आणि आपली बॅग त्यांच्या डोक्यावर असते. आपल्या मागून निघून, आपल्याला वाटेत ओलांडून, आपण पोहोचायच्या आत त्यांनी तंबू उभारलेला असतो. उद्यानाच्या नियमाप्रमाणे एका पोर्टरवर २० किलोपेक्षा जास्त ओझं देता येत नाही आणि गेटवर वजन होतं. नियम असूनही पातळ जाकिटात, फाटक्या बुटांत चार हजार मीटरवर झोपणारे पोर्टर दिसतात. त्यांच्या पगारावर, जेवणावर आणि निवाऱ्यावर लक्ष ठेवणारी ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था आहे. तिचे निकष पाळणाऱ्या कंपन्यांची यादी ती जाहीर करते. तुमची कंपनी त्या यादीत आहे का ते पाहा. शिवाय पत्र लिहून विचारा: पोर्टरला रोजचा पगार किती, तो किती दिवसांत हातात मिळतो, दिवसातून किती वेळा जेवण मिळतं, ते कुठे झोपतात? थेट उत्तर देणारी कंपनी तुमच्या सुरक्षिततेच्या प्रश्नांनाही थेट उत्तर देईल, असा माझा विश्वास आहे. मुंबई-पुण्यातल्या संस्थेबरोबर जाणार असाल तरी डोंगरावरचं काम टांझानियातलीच कंपनी करते. तिचं नाव मागून घ्या आणि हेच प्रश्न तिलाही विचारा.

सुरक्षिततेचे प्रश्न कोणते? प्राणवायूचं नळकांडं बरोबर असतं का, गाईडनी रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे का, आणि शिखराच्या रात्री एक जण परत फिरला तर त्याच्यासोबत जायला वेगळा गाईड आहे का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. चार जणांत एकच गाईड असेल तर आजारी माणूस इतरांसाठी वर ओढला जातो, किंवा एकासाठी चौघे परत येतात.

उंचीच्या आजाराची लक्षणं निघण्याआधी पाठ असू द्या, कारण वर गेल्यावर डोकं नीट चालत नाही. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, झोप न लागणं, विलक्षण थकवा ही सुरुवात. डोकेदुखीसोबत यातलं आणखी काही असेल तर पुढे चढायचं नाही. तिथेच थांबून बरं वाटतं का पाहायचं. चालताना झोक जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता आहे. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगा. जमलं नाही तर निर्णय झाला. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर ही फुप्फुसात पाणी साठल्याची खूण. या दोन्ही अवस्थांत तातडीनं खाली उतरायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सकाळची वाट बघण्यात माणसं जीव गमावतात. औषध किंवा प्राणवायू मिळाला तरी उतरणं टळत नाही.

अ‍ॅसिटाझोलामाइड (आपल्याकडे डायमॉक्स नावानं ओळखलं जाणारं) हे औषध शरीराला जुळवून घ्यायला मदत करतं. प्रतिबंधासाठी प्रौढांना बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण ते तुमच्या डॉक्टरांनीच लिहून दिलं पाहिजे, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. घरी असतानाच दोन दिवस घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, हे आधी अनुभवलं की वर घाबरायला होत नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी तपासण्या करून डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं आणि गाईडपासूनही काही लपवू नये. संध्याकाळी गाईड बोटाला ऑक्सिमीटर लावेल. त्यावर ऐंशीच्या घरातला आकडा दिसला तर हबकू नका, तिथे तो सर्रास दिसतो. शेजारच्या तंबूतल्या माणसाशी आकड्यांची तुलना करून काही साधत नाही. तुम्हाला कसं वाटतंय ते खरं सांगा.

सरावासाठी आपल्याकडचे डोंगर उत्तम आहेत. आतकरवाडीतून सिंहगड पाठीवर वजन घेऊन आठवड्यातून दोनदा चढणं-उतरणं हा पुणेकरांचा जुना व्यायाम इथे अगदी कामाचा. मुंबईकरांनी इमारतीचे जिने वापरावेत. मात्र उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा. त्याचं कारण पुढे येईल. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची डोंगररांग एकदा जरूर करावी. शिखराच्या रात्री जे अपेक्षित आहे, म्हणजे झोपमोड, अंधार, डोक्यावरच्या बॅटरीचा झोत आणि तासन्‌तास न संपणारे चढ-उतार, त्याची चव तिथे मिळते. अलंग-मदन-कुलंगचे कातळटप्पे केलेल्यांना बरांकोच्या मुक्कामानंतर लागणारी कातळभिंत अवघड जाणार नाही. तिथे हात टेकवावे लागतात, पण दोर लागत नाही. सह्याद्री देऊ शकत नाही ती एकच गोष्ट, उंची. आधी हिमालयात चार हजार मीटरच्या आसपासचा एखादा ट्रेक केलेला असेल तर तंबूतली थंडी आणि उंचीवरचं आपलं शरीर या दोन्हींची ओळख झालेली असते. पण एक लक्षात असू द्या: तंदुरुस्त माणसाला उंची कमी लागते असं नाही. उलट तो भरभर चालतो आणि लवकर आजारी पडतो. गाईड ‘पोले पोले’ (हळूहळू) म्हणत राहील. त्याच्या मागे, त्याच्याच गतीनं चाला.

सामानाबद्दल थोडक्यात. बूट स्वतःचे आणि भरपूर वापरून पायाला बसलेले हवेत. ते विमानात पायातच घाला, कारण बॅग उशिरा आली तर बाकी सगळं भाड्यानं मिळतं, आपले बूट मिळत नाहीत. जाड डाउन जॅकेट आणि उणे तापमानाची स्लीपिंग बॅग पायथ्याच्या मोशी गावात भाड्यानं मिळते. एका ट्रेकसाठी विकत घेण्यात पैसे घालवू नका. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा. वॉकिंग स्टिकची जोडी घ्याच. आणि आपल्या सवयीविरुद्धची एक सूचना: सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, विमानतळावर त्या काढून घेतात. कापडी किंवा जलरोधक पिशव्या वापरा.

डोंगरावरचं जेवण चांगलं असतं: सकाळी पेज, सूप, भात, बटाटे, चपात्या, चार वाजता चहाबरोबर मक्याच्या लाह्या. शाकाहारी असाल, कांदा-लसूण खात नसाल तर नोंदणी करतानाच लेखी कळवा, कारण शिधा खालूनच भरला जातो. श्रावणातले उपास त्या आठवड्यापुरते बाजूला ठेवा. रिकाम्या पोटी शरीर थंडीशी आणि उंचीशी झगडू शकत नाही. चार हजारांच्या वर भूक मरते आणि परक्या चवी नकोशा होतात. तेव्हा शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं, चिक्की असं काही जवळ असलं की चार घास जास्त जातात. पाणी दिवसाला तीन-चार लिटर प्यायचं, थोडं थोडं करून.

कागदपत्रांत व्हिसा ऑनलाइन मिळतो. मुंबईहून बहुतेक जण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे किलिमांजारो विमानतळावर उतरतात. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही पीतज्वराचा धोका असलेले देश. त्यामुळे टांझानियात शिरताना किंवा भारतात परतताना लशीचा दाखला मागितला जाऊ शकतो. सरकारमान्य केंद्रावर लस घ्या. दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून आदल्या आठवड्यावर ढकलू नका. मोशी-अरुशाच्या सखल भागात मलेरिया आहे, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. विमा घेताना पॉलिसीत ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरनं सुटका स्पष्ट लिहिलेली आहे का ते वाचा. साध्या प्रवासविम्यात बहुधा ती नसते.

शिखराच्या दिवशी रात्री अकरा-बाराला निघतात. तापमान उणे दहा, कधी उणे वीस. पाण्याच्या पिशवीची नळी हमखास गोठते, म्हणून बाटल्या घ्या आणि मोज्यात गुंडाळून उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं. बॅटरीचे सेल आणि मोबाईल अंगालगतच्या खिशात ठेवा. भुसभुशीत खडीवरून सहा-सात तास नागमोडी चढल्यावर कड्याच्या ओठावरचा स्टेला पॉइंट लागतो, आणि तोवर पूर्वेला मावेंझीच्या सुळक्यांमागे उजाडू लागतं. तिथून उहुरू शिखर आणखी पाऊण ते एक तास. डावीकडे हिमनदीचे निळसर कडे दिसतात. १९१२ पासून या डोंगरावरचं ऐंशी टक्क्यांहून अधिक बर्फ गेलं आहे आणि उरलेलं २०५० पर्यंत नाहीसं होईल असा युनेस्कोचा अंदाज आहे. त्या कड्यांकडे बघायला दोन मिनिटं राखून ठेवा. फलकाशी पंधरा मिनिटं पुरेत, जास्त रेंगाळू नका.

कारण दिवस अजून संपलेला नसतो. बराफूला उतरून थोडी विश्रांती, आणि त्याच दिवशी ३,१०० मीटरवरच्या म्वेकाला मुक्काम. म्हणजे एका दिवसात जवळजवळ २,८०० मीटर उतार. गुडघे इथे बोलतात, आणि घसरून होणारी दुखापतही बहुधा इथेच होते. काठ्या वापरा, पावलं छोटी ठेवा, गाईडनं हात पुढे केला तर संकोच न करता धरा.

शेवटच्या सकाळी बक्षिसी देतात. ती ऐच्छिक म्हटली तरी पोर्टरच्या मिळकतीचा तो मोठा भाग असतो, त्यामुळे दोनशे ते तीनशे डॉलर पहिल्यापासून खर्चात धरा. रक्कम डॉलरमध्ये द्यायची की शिलिंगमध्ये ते कंपनीला आधी विचारा. नोटा नव्या आणि न फाटलेल्या असाव्यात. सगळं मुख्य गाईडच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. स्वयंपाकी, गाईड आणि पोर्टर यांना प्रत्येकी किती हे सर्वांसमोर मोठ्यानं सांगा आणि शक्य असेल तर ज्याच्या त्याच्या हातात द्या. उबदार मोजे, हातमोजे मागे ठेवायचे असतील तर तेही इथेच.

घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना टांझानियाहून आल्याचं आधी सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. प्रतिबंधक गोळ्या परतल्यावर जितके दिवस घ्यायला सांगितल्या असतील, तितके दिवस पूर्ण घ्या.